तिसऱ्या अंकाची पट्टी

"कसा चढवला त्यांनी तो सूर, बाबा? मला तेवढंच सांगा."

निजामबाबांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या चिमटीत पेटीतली एक पितळी जीभ होती, नखाहून थोडी लांब. ते तिला कानशीनं हळूहळू घासत होते.

"तेवढंच म्हणता," ते म्हणाले. "बसा तर आधी."

विचारणारे मनोहर टेंगशे बसले नाहीत. त्यांच्या एका हातात डब्यासारखा रेकॉर्ड प्लेअर होता, दुसऱ्या हातात मऊ कापडात गुंडाळलेला रेकॉर्डींचा संच. दोन्ही ठेवायला ते स्वच्छ जागा शोधत होते. खोलीत तशी जागा नव्हती.

खोली दर्ग्यामागच्या गल्लीत होती. भिंतीशी दुरुस्तीला आलेल्या पेट्या, खिडकीखाली एक जुना ऑर्गन, पायांनी भाता मारायचा. रसरंजन संगीत मंडळीत बाबांनी सत्तावीस वर्षं तो वाजवला. मंडळी मोडली. नट एकेक करून गेले. ऑर्गन राहिला, बाबा राहिले.

टेंगशे संगीत नाटकांच्या रेकॉर्डी जमवत. जुन्या, त्या त्या नाटकातल्या नटांनीच गायलेल्या. अकराशे होत्या त्यांच्याकडे. कोणत्या रेकॉर्डवर कोणत्या बाजूला ओरखडा आहे, कोणतं पद कोणत्या पट्टीत आहे, किती मिनिटांचं आहे, सगळं एका जाड वहीत लिहिलेलं. ती वही आत्ता त्यांच्या काखेत होती.

दारात त्यांची मुलगी उभी होती. निरुपमा. एकवीस वर्षांची. बाहेर ऊन होतं, तरी तिनं ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळली होती.

"ही कोण?" बाबांनी विचारलं.

"निरू. माझी मुलगी. गाते..." टेंगशे थांबले. "म्हणजे, गात होती. आठ दिवस तोंड उघडलेलं नाही."

"का?"

"आळस."

"अप्पा," निरू म्हणाली. आवाज घोगरा होता.

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि तिला दिला. तिनं एका दमात संपवला. त्यांनी आणखी एक भरून दिला.

टेंगश्यांनी तोवर स्टुलावरची कानस आणि पितळी चुरा रुमालानं बाजूला केला होता. स्टूल ऑर्गनला लागूनच होतं. त्यावर प्लेअर ठेवून त्यांनी संचातली तिसरी रेकॉर्ड काढली. दोन तळव्यांच्या मध्ये, कडांना धरून. पोटाला बोट लागू दिलं नाही.

"पुसता वाटतं रोज?" बाबांनी विचारलं.

"रोज नाही. महिन्यातून एकदा धुतो. डिस्टिल्ड पाण्यानं."

"बरं आहे तिचं."

निरू पेल्याआड हसली. टेंगश्यांना ते दिसलं नाही.

"बाबा, हे संगीत चित्रवल्ली," ते म्हणाले. "तुमच्याच मंडळीचं. भर प्रयोगात रेकॉर्ड झालेलं. प्रेक्षकांच्या टाळ्यांसकट. गोदूताई मांद्रेकर चित्रवल्ली, ऑर्गनवर तुम्ही. या संचावरची माणसं मी एकेक शोधत आलो. आता तुम्हीच उरलात."

"हो," बाबा म्हणाले. "उरलो खरा."

"दिवाळीनंतर चित्रवल्ली पुन्हा उभं राहतंय. निरू मुख्य भूमिकेत. मी सगळ्यांना शब्द दिलाय, रेकॉर्डवर आहे तस्सं करून दाखवीन म्हणून. पहिला अंक हिला येतो. दुसरा येतो. तिसऱ्या अंकातलं पद आलं की हिचा गळा बसतो. तीन महिने झाले."

"किती वेळा म्हणतेस रोज?" बाबांनी निरूला विचारलं.

"अप्पा म्हणतील तितक्यांदा."

"आणि आता?"

निरूनं रिकामा पेला माठावर पालथा ठेवला.

"आता नाही. मी अप्पांना कालच सांगितलंय. इथून परत गेलो की तंबोरा गवसणीत घालून वर ठेवणार. मला गाणंच नको."

टेंगशे गोरेमोरे झाले.

"म्हणून तर आलो, बाबा," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "लहानपणी ही झोपेत गायची हो. खरंच... झोपेत. आयुष्यभर गाणं जमवलं मी, आणि माझ्याच घरात हिचं गाणं सुटायचं. काहीतरी युक्ती असेलच ना त्यांची? श्वासाची म्हणा, जिभेची म्हणा. पहिल्या अंकात गोदूताई काळी चारमध्ये गातात. तिसऱ्या अंकात काळी पाच. भर प्रयोगात, न थांबता, एक अख्खी पट्टी वर. कसं केलं त्यांनी?"

ऑर्गनसमोरच्या बाकावर बसून बाबांनी पाय भात्यावर ठेवले.

"काळी पाच?"

"काळी पाच. मी यावर चाळीस व्याख्यानं दिलीत. दुःखाच्या भरात बाईंनी सूर चढवला. असं उदाहरण रंगभूमीवर दुसरं नाही."

"लावा बरं."

टेंगश्यांनी सुई ठेवली.

थोडी खरखर झाली. लांब कुठेतरी कोणी खोकलं. मग ऑर्गन, आणि ऑर्गनवरून एक बारीक, लखलखीत, तारेसारखा आवाज.

*वाऱ्या, नको घाई आज, कळी अजुनि निजली...*

निरूचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. कपाळाला हळूहळू आठी पडली.

"अशी नव्हती ती," ते म्हणाले.

"काय?"

"गोदू. अशी नव्हती. हे कोणतंतरी पोर आहे."

टेंगश्यांनी झटकन सुई उचलली. "बाबा, हा अस्सल संच आहे. माझ्याकडे याच्या सात प्रती आहेत. सातही वाजवून पाहिल्यात. सातांतही काळी पाच. आकाशवाणीवरच्या एकांची प्रत ऐकली, तीही तशीच."

"सातही पोरं एकाच आईची," बाबा म्हणाले. "नाक सारखंच असायचं."

टेंगश्यांना हे आवडलं नाही. त्यांनी वही उघडली. "तुमचं वय झालंय, बाबा. राग मानू नका. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"राग कसला? पहिला अंक लावा."

टेंगश्यांनी पहिली रेकॉर्ड लावली. नांदी संपली, चित्रवल्लीचं पहिलं पद सुरू झालं. सुरुवातीला ऑर्गननं सूर दिला. त्या सुरातच एक बारीक खरखर होती. सुकलेल्या पानावर पाय पडावा तशी.

बाबांनी समोरच्या ऑर्गनची एक काळी पट्टी दाबली. चौथी. तीच खरखर खोलीत झाली. रेकॉर्डमधली आणि ही, एकात एक मिसळून गेल्या.

"ऐकलंत?"

"तुमची ही पट्टी खराब आहे," टेंगशे म्हणाले.

"हो. तेव्हापासून."

"गावभरच्या पेट्या दुरुस्त करता, मग ही का नाही केलीत?"

"गोदू करू देईना. ती विंगेत अंधारात उभी असायची. मंडळी कापडी थिएटरात खेळायची, बाहेर बाजाराचा गोंगाट. ती म्हणायची, बाबा, ही खरखर आली की मला कळतं, हा माझा सा. एवढी एक पट्टी राहू द्या आजारी." बाबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "राहू दिली."

टेंगश्यांनी सुई उचलली.

"आता तिसरा अंक परत लावा. पदाच्या आधी मी सूर दिलाय, तेवढाच ऐका."

टेंगश्यांनी रेकॉर्ड बदलली. पदाआधीचा सूर आला. त्यातही तीच खरखर. सुकलं पान, पाय.

बाबांनी चौथी काळी पट्टी दाबली. सूर जुळला नाही. दोन आवाज एकमेकांना ढकलत राहिले. मग त्यांनी पाचवी दाबली. जुळला. पण पाचवी पट्टी साफ वाजत होती. तिच्यात खरखर नव्हती.

बाबांनी हात उचलला.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये नट कपडे बदलतात, टेंगशेसाहेब. माझी आजारी पट्टी उठून शेजारच्या घरात राहायला कशी गेली?"

टेंगशे उभेच होते. त्यांनी एकदा ऑर्गनकडे पाहिलं, एकदा प्लेअरकडे. रेकॉर्ड फिरत होती.

"त्या प्रयोगाला," बाबा म्हणाले, "तिसऱ्या अंकात दिवे पिवळे झाले. मला आठवतं, गोदूचं हिरवं लुगडं काळं दिसायला लागलं. जनरेटर दमला होता. आमचा व्यवस्थापक रॉकेलचे कंदील घेऊन धावत होता. नाटक थांबवलं नाही."

"आणि रेकॉर्डिंगचं यंत्र?"

"त्याच जनरेटरवर."

टेंगशे हळूच खाली बसले. जमिनीवरच, त्या पितळी चुऱ्यात.

"यंत्र सावकाश फिरलं," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "रेकॉर्ड सावकाश झाली... मग आपण नेहमीच्या वेगानं लावली की पळते. आवाज वर जातो."

"ते तुम्हाला जास्त कळतं. मी चौथीपर्यंत शिकलोय."

"आणि मी म्हणत राहिलो, दुःखाच्या भरात..."

"दुःख नव्हतं," बाबा म्हणाले. "डिझेल संपत आलं होतं."

निरू खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. टेंगश्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. तिच्या ओढणी गुंडाळलेल्या गळ्याकडे.

"निरू..."

"असू दे, अप्पा."

बाबांनी चौथी काळी पट्टी दाबून धरली. पाय भात्यावर चालू होते. दुसरा हात लांब करून त्यांनी एका बोटाचं टोक फिरत्या रेकॉर्डच्या कडेला टेकवलं.

"बाबा! हात! तेलकट असेल, घाम..." टेंगशे अर्धे उठले.

बाबांनी बोट काढलं नाही. थोडं दाबलं. रेकॉर्ड दमल्यासारखी झाली. आवाज घसरला, हेलकावला, पुन्हा घसरला. ऑर्गनचा सूर जागचा हलत नव्हता. आवाज त्याच्याकडे उतरत उतरत आला... आणि टेकला.

*वाऱ्या, नको घाई आज...*

तो आता तारेसारखा नव्हता. भरलेला होता, थोडा थकलेला. दिवसभर काम करून ओट्यावर येऊन बसलेल्या बाईचा वाटावा असा. दोन शब्दांच्या मध्ये ती श्वास घेत होती आणि तो श्वास ऐकू येत होता.

निरू दोन पावलं पुढे आली.

"अप्पा, ही बाई आहे. मला इतके दिवस माझ्याएवढी मुलगी वाटत होती."

अकराशे रेकॉर्डी होत्या टेंगश्यांकडे आणि ते हा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

"ही गोदू," बाबा म्हणाले. त्यांचं बोट थरथरत होतं. त्यामुळे आवाजही थोडा थरथरत होता.

पद अर्ध्यावर आलं. टेंगश्यांनी डोळे पुसले आणि एकदम उभे राहिले. चेहरा उजळला होता.

"निरू! म्हणजे तुझं चुकतच नव्हतं. काळी पाच कोणी गायलंच नाही. काळी चार! एक पट्टी खाली. आता जमेल तुला. घे. गोदूताईंच्या सोबत घे. धर सूर."

निरूनं ओढणी सैल केली. श्वास घेतला. रेकॉर्डमधल्या आवाजाला आवाज लावला.

पहिली ओळ गेली. दुसरी ओळ वर चढली आणि तिच्या मानेवरची शीर ताठ झाली. तिसरीला आवाज चिरला.

"पुन्हा," टेंगशे म्हणाले. त्यांचा हात वर गेला होता, ताल धरायला. "खालची पट्टी आहे आता. खरी पट्टी आहे. पुन्हा घे."

निरूनं वडलांकडे पाहिलं. मग दाराकडे.

बाबांनी बोट जरा जोरानं दाबलं.

गोदूताईंचा आवाज खाली गेला, आणखी खाली, विहिरीत उतरल्यासारखा... आणि थांबला. रेकॉर्ड थांबली. प्लेअरच्या पोटातलं यंत्र तेवढं घुरघुरत राहिलं.

"बंद करा ते," बाबा म्हणाले.

टेंगश्यांनी बटण फिरवलं. ताल धरणारा दुसरा हात तसाच वर राहिला होता. तो कुठे ठेवावा त्यांना कळेना.

"पण हीच तर खरी होती, बाबा. तुम्हीच दाखवलीत."

"खरी होती. गोदूची."

बाहेर गल्लीत कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. चाकं दगडांवरून खडखडली. मग तेही लांब गेलं.

"ये, बैस," बाबांनी निरूला सांगितलं आणि बाकावर सरकून जागा केली. "दमलीस?"

"हो."

"झोपेत गायचीस म्हणे."

"अप्पा सांगतात. मला थोडंच ठाऊक?"

"आणि जागेपणी? कोणी ऐकत नसताना. भांडी घासताना, केस विंचरताना. काही गुणगुणतेस?"

"गुणगुणायचे." ती बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळत होती. "तीन महिन्यांत नाही. गुणगुणलं की आतून आवाज यायचा, पट्टी कोणती?"

टेंगश्यांनी वर राहिलेला हात खाली घेतला. दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"गोदूचा सा मी नाही ठरवला, बाळ," बाबा म्हणाले. "ती मंडळीत आली तेव्हा तुझ्याएवढी होती. आधी व्यवस्थापकांनी तिला दुसऱ्या एका बाईंच्या पट्टीत बसवलं. रडायची. एकदा कपडेपटात लुगडं शोधता शोधता काहीतरी म्हणत होती. मी बाहेर पेटी घेऊन बसलो होतो. हळूच तिच्याखाली एक पट्टी दाबून पाहिली. नाही जुळली. शेजारची दाबली. मग ही." त्यांनी आजारी पट्टीवर बोट ठेवलं, वाजवली नाही. "मला एवढंच येतं. गाणाऱ्याच्या मागून जाता येतं. पुढे उभं राहून हाक मारता येत नाही."

निरू त्या पट्टीकडे पाहत होती.

"घाई नाही," बाबा म्हणाले. "पदातच म्हटलंय. ती रेकॉर्डच बिचारी पळत होती."

ती पुन्हा हसली. या वेळी तोंडावर हात नेला नाही. हसू ओसरता ओसरता तिनं ओढणी गळ्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली. तिची घडी घालू लागली. घडी घालता घालता, ओठ नीट न उघडता...

आवाज फार लहान होता. आधी शब्द नव्हतेच. नुसती चाल. मग ओळीचं एक टोक आलं, मग दुसरं.

बाबांचे पाय भात्यावर हलले. बोट चौथ्या काळ्या पट्टीवर होतं. तिथून ते सरकलं. डावीकडे, एक पट्टी. दाबली, इतकी हळू की श्वासच वाटावा. नाही. आणखी एक डावीकडे. नाही... आणखी एक.

तिथे ते थांबलं.

निरूनं डोळे मिटले. घडी अर्धवट राहिली.

*कळी अजुनि निजली...*

वरच्या जागी आवाज गेला. मान ताठ झाली नाही. आवाज तिथे थोडा वेळ राहिला, इकडे तिकडे पाहिल्यासारखा, आणि आपल्या पायांनी खाली आला. गोदूताईंसारखा नव्हता. रेकॉर्डवरच्या त्या पोरीसारखाही नव्हता. त्यात घोगरेपणा होता, तीन महिन्यांचा. तो ती लपवत नव्हती.

टेंगशे पुन्हा जमिनीवर बसले होते. त्यांनी हे पद हजारदा ऐकलं होतं. कुठे श्वास आहे, कुठे टाळी आहे, कुठे ओरखडा आहे, सगळं पाठ होतं. आता पुढची जागा कशी येईल ते त्यांना माहीत नव्हतं. ते थोडे पुढे वाकून बसले.

निरूनं ती जागा वेगळीच घेतली. टेंगश्यांच्या तोंडून नकळत "अहा" गेलं.

मग सवयीनं त्यांचा हात वहीकडे गेला. तिसऱ्या अंकाचं पान उघडलं. 'काळी पाच' लिहिलं होतं, त्यावर त्यांनी एक रेघ मारली. शेजारी 'काळी चार, गो. मां.' असं लिहिलं. त्याच्याखाली नवी ओळ सुरू केली. 'निरुपमा' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

ते ऑर्गनजवळ सरकले. बाबांचं बोट कोणत्या पट्टीवर आहे ते त्यांना नीट दिसेना. डोळे भरले होते.

"बाबा," ते अगदी हळू म्हणाले, "हिची कोणती लिहू?"

निजामबाबांनी पट्टीवरचं बोट हलवलं नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी ती वही मिटली.

"थांबा हो... अजून गातेय ती."